पहिला भाव नाकारायचा असतो

५ जानेवारी, सकाळी

नव्या वर्षाचे संकल्प पहिल्या तारखेला करू नयेत असं माझं मत आहे. त्या दिवशी सगळेच करतात. देवाला तरी कुणाकुणाचं लक्षात राहणार? पाच तारखेपर्यंत गर्दी ओसरते.

तर संकल्प. एक, लेकीच्या नोकरीचं काम आता मी स्वतःच्या हातात घेणार. दोन, राग कमी. तीन, ही रोजनिशी. कुणी वाचणार नाही, त्यामुळे जे आहे ते खरं लिहिता येईल.

लेक वीस वर्षांची. रंग-तंत्रज्ञानाचा डिप्लोमा नुकताच संपला, पहिल्या वर्गात. तिला रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये काम हवंय, शेड जुळवायचं. गिऱ्हाईक एखादा तुकडा आणून देतं, हुबेहूब तसाच रंग करून द्यायचा. तिची नजर लाखात एक आहे असं तिचे सर म्हणतात. त्यात नजर कसली ते मला कळत नाही. स्वयंपाकघराचं दार आणि त्याची चौकट हे दोन वेगळे पांढरे आहेत, असं ती शाळेत असल्यापासून म्हणते. दोन्हींचे डबे मी स्वतः एकाच दुकानातून आणले होते. पांढरा म्हणजे पांढरा.

अर्ज तिने आधीच तयार केले होते. त्यावर नंबर तिचा. तिचा फोन कायम मुका करून उशीखाली पडलेला असतो. मी म्हटलं, नंबर घरातल्या जबाबदार माणसाचा हवा. ती म्हणाली, बाबा, नोकरी मला हवीय. मी म्हटलं, म्हणूनच.

आता सगळ्या अर्जांवर माझा नंबर आहे. पहिला संकल्प सुरू झाला.

११ जानेवारी

जेवणानंतर मुलाखतीची तालीम. स्वयंपाकघरात. साहेब म्हणून बायकोला बसवलं. ही शिलाईचं काम करते, हातात कुणाच्या तरी पँटची उसवलेली शिवण होती, पण चष्म्यामुळे साहेब शोभत होती.

हिने विचारलं, आमच्याच कंपनीत का यायचंय? लेक लगेच सुरू. दिवसाच्या उजेडात जुळलेला रंग दुकानातल्या दिव्याखाली जुळत नाही, तुमच्याकडे तीन प्रकारच्या दिव्यांखाली तपासतात, मला ते शिकायचंय वगैरे वगैरे. मी तिथेच थांबवलं. मुलाखतीत इतकं बोलायचं नसतं. मान किंचित खाली, हात मांडीवर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी सर.

ती म्हणाली, बाबा, आता असं नसतं.

'आता' हा शब्द तरुण मुलं फार वापरतात. मी माझ्या मुलाखतीचं उदाहरण दिलं. जुन्या मालकांनी गावाचं नाव विचारलं, चार ओळी लिहून घेतल्या, अक्षर पाहिलं आणि म्हणाले, उद्यापासून ये. आमच्या गावच्या एका खोलीच्या शाळेत अक्षरासाठी मास्तरांची पट्टी खाल्लेली बोटं आहेत ही. पंपांच्या कारखान्याचं स्टोअर मी त्या अक्षरावर मिळवलं आणि अजून सांभाळतोय.

हिने शिवणीवरून मान वर केली आणि विचारलं, मग नापास कुणाला करू? उमेदवाराला, की उमेदवाराच्या बापाला?

तालीम एकंदरीत चांगली झाली.

१९ जानेवारी

लेकीच्या संस्थेत मुलांना करिअर मार्गदर्शन. ठरलेला वक्ता आला नाही. प्राचार्यांनी पालकांपैकी कुणी चार शब्द बोलेल का म्हणून विचारलं. लेकीने माझी बाही धरली होती, पण तोवर माझा हात वर गेला होता.

मी माझ्या स्टोअरमधला नियमच सांगितला. पुरवठादाराने सांगितलेला पहिला भाव कधीही मान्य करायचा नाही. रागवायचं नाही, घासाघीस करायची नाही. फक्त 'बघू' म्हणायचं, फोन ठेवायचा आणि चहाला जायचं. दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी तो स्वतः फोन करतो आणि खाली येतो. बेअरिंगवाले मला मौनीबाबा म्हणतात. मुलांना सांगितलं, नोकरीचंही हेच. तुम्ही माल आहात, पण दुकानदारही तुम्हीच. पहिल्या भावाला हो म्हणाल तर जन्मभर पहिल्याच भावात राहाल.

टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, सर, तुम्ही आजपर्यंत नोकऱ्या किती बदलल्या? म्हटलं, एकही नाही. मुलाखती किती दिल्या? म्हटलं, एक. आणि त्या वेळी तुम्ही बघू म्हणाला होतात?

मुलं हसली. साधेपणा लोकांना आवडतो.

घरी येताना लेक रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत होती. बहुधा सावलीसाठी.

२८ जानेवारी

रंगाच्या कारखान्यातून मुलाखतीला बोलावणं आलं. माझ्याच फोनवर. आज गेलो.

मी बरोबर गेलो होतो. एकट्या मुलीला कसं सोडायचं? आधी वॉचमनच्या केबिनमध्ये बसलो, मग आत रिसेप्शनला. बराच वेळ झाला म्हणून लॅबच्या दारापर्यंत गेलो, नुसतं आभार मानायला. दार काचेचं होतं. आत उंच स्टूल, मोठी पेटी, पेटीत दिवे. लेक स्टुलावर बसून रंगाचे तुकडे दिव्याखाली धरून बघत होती. घरी तिचा असा चेहरा मी पाहिलेला नाही.

दार ढकलून नमस्कार केला. लॅबच्या प्रमुख बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, आपण कोण? म्हटलं, मी हिचा बाप. त्या म्हणाल्या, उमेदवार आपण आहात का? म्हटलं, नाही. मग दार लावून घ्या, बाहेरून, त्या म्हणाल्या.

कामाला पक्की बाई वाटली.

लेकीला जुळवायला दिलेले सगळे तुकडे जुळले. शिवाय एका तुकड्याच्या दोन बाजू वेगळ्या आहेत हेही तिने सांगितलं. बाई म्हणे खुर्चीवरून उठून बघायला आल्या. हे तिने मला नाही, आईला सांगितलं. मी शेजारच्या खोलीत होतो. मला ती एवढंच म्हणाली, पुढच्या वेळी गेटबाहेर थांबा.

पुढची वेळ येणार नाही. नोकरी लागल्यात जमा आहे.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी

फोन आला!

स्टोअरमध्ये गॅस्केट मोजत होतो. लॅबच्या बाई स्वतः. तुमच्या मुलीची निवड झाली, सोमवारी रुजू व्हायला सांगा. पगार सांगितला. वाईट नव्हता. खरं तर चांगला होता. पण पहिला भाव तो पहिला भाव.

मी म्हटलं, बघू.

बाई म्हणाल्या, बघू म्हणजे? म्हटलं, आणखी दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत. (कुठेही नव्हती. पण बेअरिंगवाल्यांना मी असंच सांगतो, आणि ते मला.) त्या म्हणाल्या, मला उमेदवाराशी बोलता येईल का? म्हटलं, तिचे निर्णय घरात होतात. त्यावर त्या 'बरं' म्हणाल्या.

'बरं' अनेक प्रकारचं असतं. आयुष्य पुरवठादारांची 'बरं' ऐकण्यात गेलंय. हे खाली येणाऱ्या माणसाचं बरं होतं. फोन ठेवला, चहाला गेलो.

घरी सांगितलं नाही. वाढीव पगारासकट एकदम सांगेन. पोरीचं तोंड बघण्यासारखं होईल.

७ फेब्रुवारी

फोन नाही. विचार करताहेत. मोठी कंपनी आहे, वरच्यांना विचारावं लागत असेल.

फोन न्हाणीघरातसुद्धा बरोबर ठेवतो, साबणाच्या फळीवर. ही म्हणाली, एवढं कोण येणारंय फोनवर? साक्षात देव? म्हटलं, कामाचं आहे.

लेकीने विचारलं, बाबा, काही कळलं? म्हटलं, मोठ्या कंपन्यांना वेळ लागतो. हे खोटं नाही. लागतोच.

१० फेब्रुवारी

फोन वाजला. हातातला घास टाकून धावलो. मेहुणा होता. हिचा धाकटा भाऊ, टेम्पो चालवतो. त्याला शिडी हवी होती. नेहमीसारखा म्हणाला, काय दाजी, आवाज का पडलाय, बेअरिंग महागलं का? मी म्हटलं, फोन ठेव, लाइन मोकळी राहू दे. तो म्हणाला, दाजी, तुमची लाइन जन्मापासून मोकळीच आहे.

राग आवरला. दुसरा संकल्प.

१४ फेब्रुवारी

आज आमच्याच कारखान्यात घडामोड. नवे मालक आलेत हे माहीत होतं. त्यांनी माणसांसाठी एक नवी मॅडम नेमली आहे, तिशीची असेल. एकेकाला आत बोलावत होती.

म्हणाली, आता सगळ्या शाखांचं मिळून एकच मोठं गोदाम होणार, शहराबाहेर. कुठला माल कुठे आहे ते कॉम्प्युटर सांगेल. म्हटलं, मीही सांगतो. ती हसली. चांगल्या घरची वाटली. मग म्हणाली, काका, तुम्हाला तिकडे सहायक म्हणून घेता येईल, पगार थोडा कमी होईल, पण नोकरी राहील. शुक्रवारपर्यंत कळवा.

सहायक कुणाचा? दोन वर्षांपूर्वी मी ज्याला नट आणि बोल्टचे आटे शिकवले त्याचा.

नियम सर्वांना सारखा. मी म्हटलं, बघू. आणि चहाला गेलो. जाताना पाहिलं, मॅडमने काहीतरी टिपून घेतलं. गडी हलका नाही असं लिहिलं असणार.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

कळवलं नाही. आता पुढची चाल त्यांची.

एकाच माणसाच्या 'बघू'वर दोन कंपन्या ताटकळताहेत. पन्नाशी जवळ आल्यावर माणसाला असं वजन येतं.

पहाटे नेहमीसारखा डोळे मिटून बसलो. देवाकडे मी काही मागत नाही. मागणं म्हणजे आपला भाव आपणच उघडा करणं. नुसता समोर बसतो. त्यालाही कळू दे की मला घाई नाही.

आज मात्र बराच वेळ बसलो.

२१ फेब्रुवारी

सांगतो काय झालं ते.

लेकीने स्वतःच्या फोनवरून लॅबला फोन लावला, मला न विचारता. बाईंनी तिला सगळं सांगितलं. निवड झाली होती, वडिलांनी बघू म्हणून सांगितलं, आम्ही आठवडाभर वाट पाहिली, मग यादीतल्या दुसऱ्या मुलीला घेतलं. दुसरी मुलगी म्हणजे लेकीचीच वर्गमैत्रीण. प्रात्यक्षिकाच्या वेळी जी लेकीला कोपरखळी मारून विचारायची, हा हिरवा की निळा?

मी घरी आलो तेव्हा लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, बाबा, चार तारखेला फोन आला होता? मी म्हटलं, फोन बरेच येतात. ती म्हणाली, एकच विचारतेय. मी म्हटलं, आला होता.

मग तिला बसवून नियम समजावून सांगितला. पहिला भाव, गप्प राहणं, तिसरा दिवस, सगळं. संपल्यावर तिने विचारलं, मग मी कोण होते बाबा? बेअरिंग?

आणि आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. म्हणजे राग फारसा नसावा.

ही मशीनवर होती. पाय थांबवला. म्हणाली, अहो, तुमच्या मालकाने उद्यापासून ये म्हटलं तेव्हा तुम्ही बघू म्हणाला होतात? माझ्या भावाची सायकल मागून नेलीत. त्या दिवशी दाढीसुद्धा अर्धीच केली होतीत.

तेव्हा बाजार वेगळा होता, हे मी तिला सांगणार होतो. पण तिने मशीन पुन्हा सुरू केलं आणि त्या आवाजात ऐकू जात नाही.

२२ फेब्रुवारी

संकल्प: हे मी निस्तरणार.

अर्धी रजा टाकून रंगाच्या कारखान्यावर गेलो. भेट घेऊन समोरासमोर सांगायचं ठरवलं होतं की बोलणी माझी होती, मुलीची नव्हती, आणि तुमचा पहिला भाव आम्हाला मान्य आहे. वॉचमनने ओळखलं. आत फोन लावला, ऐकलं, ठेवला. म्हणाला, काका, घरी जा. पोरीचं नाव आणखी खराब नका करू.

काका म्हणाला. आपुलकी होती.

गेटबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. लेकीने सांगितलंच होतं, गेटबाहेर थांबा म्हणून.

२५ फेब्रुवारी

मॅडमने बोलावलं. मी आधीच ठरवून गेलो होतो, थोडा मान राखला तर पगाराचं सोडून द्यायचं.

ती म्हणाली, शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, म्हणजे नकार समजून आम्ही ती जागा भरली. मी म्हटलं, पण तो पहिला भाव होता. ती म्हणाली, कशाचा? मी म्हटलं, माझा. तिला कळलं नाही. मी समजावून सांगायला लागलो, तर ती म्हणाली, काका, मला वाटलं तुम्हाला नको आहे. तुम्ही एकदा जरी हो म्हणाला असतात.

पुढच्या महिन्याअखेर माझं काम संपेल.

चहाला गेलो. चहावाला म्हणाला, आज दुसऱ्यांदा?

घरी अजून बोललो नाही. लेकीच्या बाबतीत सांगायला उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली होती, त्यामुळे या वेळी वेळ साधून सांगेन.

३१ मार्च

शेवटचा दिवस. लोक चांगले वागले. एक बॅग दिली. तिच्यावर कंपनीचं नवं नाव आहे, जिथे मी कधी काम केलेलं नाही.

स्टोअर ताब्यात दिलं. रॅकच्या किल्ल्या पुढे केल्या तर ते पोरगं, आता साहेब, म्हणालं, काका, किल्ल्या नकोत, आता कार्डाने उघडतं. मी टेबलावर ठेवल्या. निघेपर्यंत कुणी उचलल्या नाहीत.

घरी बॅगेकडे बघून सगळ्यांना कळलं. ही म्हणाली, भाजी गरम करते. बाकी काही बोलली नाही. तिच्या बोलण्याला मी इतकी वर्षं टोमणे म्हणत आलो, आज ते आले असते तर बरं वाटलं असतं.

८ एप्रिल

लेकीला काम लागलं. रंगाच्या दुकानात, काउंटरवर. गिऱ्हाईक पुस्तकातली शेड दाखवतं, लेक मशीनमध्ये डबा ठेवून रंग मिसळून देते. दिवसभर उभं राहायचं. लॅब नाही, स्टूल नाही, तीन दिवे नाहीत. शोधलंही तिनेच.

मी म्हटलं, सुरुवात म्हणून ठीक आहे, पण त्यांनी सांगितलेला पगार तू लगेच—

एवढ्यावर थांबलो. ताटातून कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.

मेहुणा आला होता. म्हणाला, दाजी, आता तुमचं बघू.

१२ एप्रिल

माझी नोकरी-शोध मोहीम. योजना: सकाळी दोन अर्ज, दुपारी एक भेट, संध्याकाळी ओळखीच्यांना फोन. अनुभवी माणसाला बाजारात तोटा नाही. महिन्याभरात निवडायची पंचाईत होईल.

लेकीला म्हटलं, माझी माहिती टाइप करून दे. मी चार पानं स्वच्छ अक्षरात लिहून ठेवली होती. तिने एक पान केलं. अनुभवाखाली एकच ओळ. गावच्या शाळेचं, मास्तरांचं सगळं काढलं. म्हणाली, हे कुणी वाचत नाही बाबा. मी म्हटलं, अक्षर तरी? ती म्हणाली, अक्षर कॉम्प्युटरचं आहे.

मग खाली पाहिलं. नंबर तिचा होता.

मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, नंबर घरातल्या जबाबदार माणसाचा हवा.

ती चेष्टा करत असावी म्हणून मी हसलो. ती अर्ज पाठवत होती.

३ मे

दोन भेटी. एका ठिकाणी माझ्यापुढे लेकीएवढी मुलं रांगेत. एकाने जागा दिली, काका, बसा, कुणाला सोडायला आलात का? म्हटलं, हो.

आत बोलावलं तेव्हा मान किंचित खाली, हात मांडीवर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी सर. साहेब बाई निघाल्या.

दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तुमची अपेक्षा काय? भाव आधी समोरच्याने सांगायचा असतो, म्हणून मी गप्प बसलो. तेही गप्प बसले. माझ्याहून चांगले होते त्या कामात.

१६ मे

आज जेवताना लेक म्हणाली, बाबा, तुमच्यासाठी फोन आला होता. सोमवारपासून जायचंय. मी हो म्हणाले.

मी विचारलं, कुठे? तिने भाताचा घास घेतला, गिळला, मग सांगितलं. रंगाचा कारखाना. तोच. स्टोअरमध्ये हमालीची माणसं कंत्राटदारामार्फत घेतात, त्यांना वरचं कुणी ओळखत नाही. डबे उचलायचे, विभागांत पोचवायचे.

म्हटलं, पगार? ती म्हणाली, त्यांनी जो सांगितला तो. म्हटलं, अगं, निदान मला विचारायचं तरी. ती म्हणाली, निर्णय घरात झाला ना.

हिने माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. एवढी वाढत नाही ती कधी.

एका दृष्टीने बरंच आहे. ओळखीचा वॉचमन आहे.

३ जून

जम बसतोय. कंबर थोडी धरते. स्टोअरची मांडणी चुकीची आहे, ती हळूहळू त्यांच्या लक्षात आणून देईन. तूर्त डबे उचलतो.

आज पहिल्यांदा लॅबमध्ये डबे पोचवायला पाठवलं. काचेचं दार. लॅबच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, या वेळी उमेदवार आपण आहात वाटतं? म्हटलं, हो मॅडम. त्या म्हणाल्या, डबे तिथे ठेवा. आणि मग, मी दारात पोचल्यावर, खालच्या आवाजात: तिची नजर फार चांगली होती हो.

'होती' असं का म्हणाल्या, कळलं नाही. आहे.

स्टुलावर लेकीची वर्गमैत्रीण बसली होती. पोरगी वाईट नाही. माझ्या मागे जिन्यापर्यंत आली. डोळे लाल. काका, ती बोलत नाही माझ्याशी, पण तुम्ही एवढं कराल? म्हणून दोन पुठ्ठ्याचे तुकडे दिले, दोन्ही पांढरे रंगवलेले. एक गिऱ्हाइकाचा, एक तिने जुळवलेला. गिऱ्हाइकाने माल दुसऱ्यांदा परत पाठवलाय, जुळत नाही म्हणून. मला सारखेच दिसतात काका. तिला एकदा दाखवा, काय कमी-जास्त आहे तेवढं विचारा. उद्या नाही जुळलं तर माझं कठीण आहे.

खिशात घालून आणले. वाटेत विचार करत होतो. पाहिलं तर लेक त्या लॅबमध्ये काम करतेच आहे म्हणायचं. फक्त पगार दुसरीला मिळतो. आणि नेण्या-आणण्याला घरचं माणूस आहे. माझं मार्गदर्शन अगदीच वाया गेलं असं नाही.

लेक दुकानातून आली, पाय बादलीत घालून बसली. मी तुकडे तिच्यापुढे धरले, निरोप सांगितला. तिने हातसुद्धा लावला नाही. नुसतं पाहिलं, एकदा या तुकड्याकडे, एकदा त्या. आणि तिचा चेहरा तसा झाला, त्या दिवशी काचेतून दिसला होता तसा. अर्धा क्षण. दिसलं तिला. काय कमी, काय जास्त, सगळं दिसलं.

मग पाय पुसले आणि उठली.

मी म्हटलं, काय सांगू तिला?

ती म्हणाली, तिला सांगा, बघू.

आणि चहा ठेवायला गेली.

नियम तिने शेवटी उचलला. अभिमान वाटला, असं इथे लिहायला हवं.

ही मशीनवरून माझ्याकडे बघत होती. मी तुकडे घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. एक दारावर टेकवला, एक चौकटीवर. मग उलटे करून पाहिले. दिवा लावून पाहिले. पोरीला एका नजरेत दिसतं म्हणजे काहीतरी असणारच.

दार पांढरं, चौकट पांढरी, तुकडे पांढरे.

उद्या सकाळी उजेडात पुन्हा बघेन. लॅबच्या जिन्यावर ती पोरगी वाट बघत असेल.